बाईंचे पोहे

हिराजीमामा माणसं मोजत नाहीत. न्याहाऱ्या मोजतात.

आमच्या केंद्राचा टेंपो सुटायच्या आधी मामा मागच्या दाराशी उभे राहतात, एक हात कडीवर ठेवतात आणि आत तोंड घालून हाका मारायला लागतात. "शिळी भाकरी?" आतून आवाज येतो, "आली." "चहा-बटर?" "आला." "साबुदाणा?" "आला हो." सगळ्या न्याहाऱ्यांनी अशी ओ दिली की मामा स्वतःशीच म्हणतात, "समदी आली." मग दार लावतात आणि पुढे स्टिअरिंगवर जाऊन बसतात. कुणाचं नाव नाही, आकडा नाही, कागद नाही. सकाळी ज्याने जे खाल्लं ते त्या दिवसापुरतं त्याचं नाव. एका संकष्टीला टेंपोत चार उपास बसले होते. मामांनी त्यांची लगेच वाटणी केली: खिचडीचा उपास, केळ्याचा उपास, नुसत्या चहाचा उपास आणि कडक उपास. यातला कडक उपास दुपारी बटाटावडा खाताना सापडला. संध्याकाळी घरी निघताना मामांनी त्याला भर टेंपोत "मोडका उपास?" अशी हाक मारली आणि त्याला ओ देणं भाग पडलं.

आमचं केंद्र कर्जतहून चौककडे जाताना खालापूर तालुक्याची हद्द लागते तिथे आहे. कुठल्या ना कुठल्या कारणाने हातपाय ऐकेनासे झालेली आम्ही अकरा मोठी माणसं रोज सकाळी तिथे जातो आणि संध्याकाळी घरी परततो. व्यायाम करतो, कागदी पिशव्या करतो, पत्ते कुटतो, भांडतो. वर्षानुवर्षं घरातल्या त्याच दोन माणसांशी भांडलेल्याला भांडायला नवी माणसं मिळणं ही केवढी चैन आहे, ते ज्याचं त्यालाच कळतं.

मी कडावची. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे इथेही सगळे मला बाईच म्हणतात. सहा वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडले, पाठीच्या कण्याला मार लागला आणि कमरेखालचं शरीर माझं असूनही माझं राहिलं नाही. भाऊ आणि वहिनी माझं सगळं करतात. फार चांगली माणसं आहेत. गेल्या सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही एकटं सोडलेलं नाही. ही तक्रार आहे की कौतुक, ते मलाही धड सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी केंद्रात जायला लागले. पहिल्या दिवशी मामा दारात येऊन उभे राहिले. साठी ओलांडलेला काटक माणूस, खाकी शर्ट, खांद्यावर पंचा.

"बाई, काय खाल्लं?"

"झालंय खाऊन," मी म्हटलं.

"झालं का त्ये नाय इचारलं. काय खाल्लं?"

मला राग आला. वर्गात मी प्रश्न विचारायचे, मला कुणी विचारायचं नाही. "पोहे," मी म्हटलं. मामांनी समाधानाने मान हलवली, रॅम्प खाली टाकला, माझी खुर्ची वर ढकलली आणि रिकाम्या टेंपोला मोठ्याने कळवलं, "पोहे चढले."

आठवडाभर मी हा प्रकार सहन केला. मग मात्र माझ्यातली गणिताची बाई उसळली. "मामा, अहो अकरा माणसं आहेत. एक ते अकरा मोजायला तुमचं काय जातं?"

मामांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, जणू चूक माझीच असावी. "माणसं मोजत नसत्यात, बाई. मोजतात ती ढोरं. माणसाला इचारायचं."

ढोरांबद्दल बोलायचा मामांना अधिकार होता. त्यांच्याकडे एके काळी चौदा म्हशी होत्या आणि कडाव ते कर्जत ते टेंपोने दूध पोचवायचे. म्हशी ते रोज दोनदा मोजायचे. माणसाला तसं बोट दाखवून एक-दोन-तीन करणं त्यांना अपमान वाटायचा. मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, बायको वारली, एकट्याने म्हशींचं होईना म्हणून त्या विकल्या आणि मामा आमच्या केंद्राच्या टेंपोवर आले. त्या टेंपोत दुधाच्या किटल्यांसारखंच आम्हाला न सांडता न्यायचं, अशी त्यांची समजूत आहे. ताशी वीसच्या वर काटा जात नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आणि गतिरोधक त्यांना पाठ आहे आणि तो यायच्या आधी पुढून आरोळी येते, "गचका हाय!" की आम्ही सगळे दांड्या धरतो. मागून येणारे भोंगे वाजवून थकतात. मामा खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना सांगतात, "हळू चालंल, ऱ्हाऊन नाय चालंल!" म्हणजे कितीही हळू गेलो तरी चालेल, पण कुणी मागे राहिलेलं चालणार नाही. त्या बिचाऱ्या ट्रकवाल्यांना यातलं काय कळणार!

दोघांची न्याहारी सारखी निघाली की चौकशी बसायची. "भाकरी रात्रीची का आताची? तांदळाची का नाचणीची? तिच्यासंगं काय? सुकट? मग तुमी सुकटभाकरी आन् ह्ये चटणीभाकरी." एवढं झाल्याशिवाय टेंपो हलायचा नाही. एकदा मुंबईहून एक बडे पाहुणे केंद्र बघायला आले होते आणि त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं. त्यांनाही मामांनी सोडलं नाही. पाहुण्यांनी सकाळी फक्त सहा भिजवलेले बदाम खाल्ले होते. संध्याकाळी निघताना मामांनी आमच्या ओळीत हाक दिली, "सहा बदाम?" सुटाबुटातल्या त्या गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बारीक आवाजात म्हटलं, "आलो." नंतर त्यांनी केंद्राला व्यायामाची दोन यंत्रं पाठवली. बरोबरच्या चिठ्ठीखाली सही होती, सहा बदाम.

हे सगळं वेड आहे असं मी पहिले काही महिने धरून चालले होते. मग अनंतकाकांची गोष्ट झाली. अनंतकाका पूर्वी शिंपी होते. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्याजवळ एकच शब्द उरला, "बरोबर." आनंद झाला तरी बरोबर, पोटात दुखलं तरी बरोबर. त्यामुळे त्यांची न्याहारी काकू दारातून सांगायच्या. एकदा लागोपाठ तीन दिवस काकूंनी "बिस्किट" सांगितलं. तिसऱ्या दिवशी मामांनी रॅम्प खाली टाकलाच नाही. "काकू, तीन दिस बिस्किट? चूल पेटत नाय काय?" काकू म्हणाल्या, तसं काही नाही. मामांनी रॅम्प टाकला, पण संध्याकाळी आमच्या केंद्रप्रमुख सुलभाताईंना घेऊन त्यांच्या घरी गेले. काकू तापाने फणफणल्या होत्या. नवऱ्याचं करता करता कुणाला सांगावं हेच त्यांना सुचलं नव्हतं. माझ्या हजेरीपटावर तेव्हा अनंतकाका तिन्ही दिवस हजर दिसले असते, बस्स.

आता माझ्याबद्दलचं एक खरं सांगून टाकते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. मी पोहे खातच नव्हते. पोहे काय, सकाळी मी काहीच खात नव्हते. पाणीसुद्धा नाही. मला खुर्चीतून उचलून संडासात बसवायला दोन माणसं लागतात, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने कपडे सावरायचे. केंद्रात त्या कामाला एकटी मंदा होती आणि तिची कंबर आधीच गेलेली. तिला आणखी कुणाला तरी हाक मारावी लागायची, मग ते दुसरं माणूस हातातलं टाकून येणार, मग सगळ्या जगाला कळणार की बाईंना जायचंय. त्यापेक्षा न खाणं सोपं. घरी मी सांगायची, केंद्रात न्याहारी देतात. मामांना सांगायची, घरून पोहे खाऊन आले. रोज नवी थाप मारली तर लक्षात ठेवावी लागते, म्हणून दोन वर्षं रोज एकच. लग्नाच्या वयात मी पाच स्थळांना माझ्या हातचे पोहे खाऊ घातले होते आणि पाचही स्थळं खाऊन गेली ती गेलीच. पोह्यांकडून काहीतरी वसूल करायचा मला हक्क होता, अशी मी मनाची समजूत घालायची.

मामांना या पोह्यांचं फार कौतुक. "रोज पोहे! वैनी हौशी हाय हां तुमची," म्हणायचे. गेल्या दिवाळीला त्यांनी आमच्या दारात एक पिशवी आणून ठेवली. स्वतःच्या शेतातलं नवं भात निवडून, मुद्दाम कांडून आणलेले पोहे. "बाईंना आवडतात ना." वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

यंदा जानेवारीत केंद्राची सहल निघाली, पळसदरीच्या धरणावर. बुधवार निवडला होता, म्हणजे शनिवार-रविवारची मुंबईची गर्दी नको. सुलभाताई आणि मंदा पुढे मामांच्या शेजारी बसल्या, आम्ही मागे. सगळ्यात शेवटी रेश्मा चढली. रेश्मा सव्वीस वर्षांची, जन्मापासून हातपाय ताठ आणि बोलणं फार सावकाश. एरवी तिची न्याहारी चहाचपाती, पण सहलीचा दिवस म्हणून आईने काहीतरी खास केलं होतं. "पो... हे," रेश्माने सांगितलं आणि हसली. माझे पोहे आधीच चढलेले होते. एरवी इथे कांदा का बटाटा, लिंबू पिळलं का नाही, अशी पंधरा मिनिटं गेली असती. पण रेश्माला नटायला आधीच उशीर झालेला, सुलभाताई घड्याळ दाखवत होत्या आणि मामांनी आयुष्यात पहिल्यांदा चौकशी सोडून दिली.

दुपारची जेवणं झाल्यावर मी मामांना म्हटलं, मला त्या पलीकडच्या कातळावर न्याल का, जरा पाण्यात पाय सोडून बसावंसं वाटतंय. मामांनी मला उचलून करवंदीच्या जाळीपलीकडे नेलं, सपाट कातळावर नीट टेकवून बसवलं, माझे दोन्ही पाय एकेक करून पाण्यात सोडले आणि "हाक मारा" म्हणून पातेली आवरायला गेले. रिकामी खुर्ची अलीकडेच राहिली. थोड्या वेळाने मंदाने सगळ्या खुर्च्या घडी करून टेंपोत रचल्या. आमच्यातले बहुतेक जण टेंपोत बाकावरच बसतात. माझी खुर्ची रिकामी पाहून मंदाला वाटलं, मामांनी मला आत बसवलं. खुर्ची वर चढलेली पाहून मामांना वाटलं, मंदाने बसवलं. माझ्या जागेवर पातेली रचलेली होती, त्यामुळे ती जागा भरलेलीच दिसत होती. मग मामांनी दाराशी उभं राहून हाका मारल्या. "पोहे?" रेश्मा म्हणाली, "आ...ले." समदी आली. टेंपो गेला.

आत अनंतकाकांच्या एकट्याच्या लक्षात आलं होतं. ते जिवाच्या आकांताने ओरडत होते, "बरोबर! बरोबर! बरोबर!" मामांनी पुढून उत्तर दिलं, "बरोबर ना? मग निघूया."

टेंपोचा आवाज लांब जाताना मी ऐकला तेव्हा पहिल्यांदा मी हाका मारल्या. मग वर्गात मारायची तशा आरोळ्या मारल्या. फोन खुर्चीच्या पिशवीत आणि खुर्ची टेंपोत. मग मी घाबरले, चांगलीच घाबरले. समोर पाणी, मागे जाळी आणि माझं निम्मं शरीर दगडासारखं दगडावर ठेवलेलं. तोल गेला असता तर सावरणारं कुणी नव्हतं. दोन्ही हात मागे रोवून मी मामांना, मंदाला, सुलभाताईंना आणि ज्याने घडीची खुर्ची शोधून काढली त्यालाही मनसोक्त शिव्या घातल्या. शाळेत असताना मुलांच्या तोंडून ऐकलेल्या, इतक्या वर्षांत कधी वापरायला न मिळालेल्या.

त्या संपल्या आणि एकदम शांत झालं. खालून एक आगगाडी घाटाकडे चढत गेली, तिचा आवाजही विरला. आणि माझ्या लक्षात आलं की सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या आसपास कुणीही नाही. काही हवं का, असं कुणी विचारत नाही. पाय पाण्यात होते. ते मला जाणवत नव्हते, पण दिसत होते आणि छान दिसत होते. एक मासा अंगठ्याजवळ येऊन गेला. मला तहान लागली होती. तहान तर रोजच लागायची. मी ओंजळ भरली आणि पाणी प्यायले. पुन्हा भरली, पुन्हा प्यायले. आता पुढे कुणाला हाक मारावी लागेल, याचा हिशेब केला नाही. मग मी रडले आणि रडून झाल्यावर मोठ्याने गाणं म्हटलं. माझा आवाज वाईट आहे. ते ऐकणारंही कुणी नव्हतं.

तिकडे कर्जतला रेश्माचं घर आलं. मामांनी रॅम्प टाकला, तिला खाली घेतलं आणि सवयीने म्हणाले, "पोहे उतरले." आणि तिथेच थांबले. कारण पोहे नेहमी सगळ्यात शेवटी, कडावला उतरतात. "मंग बाईंचे पोहे कुठं हायत?" मामांनी विचारलं. अनंतकाकांनी कपाळावर हात मारून घेतला.

तासाभराने मला टेंपोचा आवाज आला आणि पाठोपाठ मामांची हाक, फाटलेल्या आवाजात. "पोहेऽऽ! बाईंचे पोहेऽऽ!"

"आले!" मी ओरडले.

मामा जाळीतून तसेच घुसले. एका पायात चप्पल नव्हती, हातावर करवंदीचे ओरखडे होते. माझ्याजवळ येऊन ते उकिडवे टेकले. नुसता माझा हात धरून बसले. मला म्हणायचं होतं, मामा, गेल्या सहा वर्षांतला सगळ्यात सुंदर तास होता हो हा. पण त्यांच्याकडे बघून ते म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रात सुलभाताईंनी सगळ्यांसमोर मामांना बोलावलं. सुलभाताई वाईट नाहीत. न्याहारीची हजेरी बंद करा म्हणून त्यांनी छापील तक्ता कितीदा दिला होता आणि मामांनी त्याची पुंगळी करून डिझेलच्या टाकीला नरसाळं केलं होतं.

"मामा, त्या पाण्यात घसरल्या असत्या तर?" सुलभाताईंनी विचारलं. "मी काय तोंड दाखवलं असतं त्यांच्या घरी? मला हे संस्थेच्या मंडळाला कळवावं लागेल. तोवर टेंपो दुसरं कुणीतरी चालवेल."

मामा हात जोडून उभे होते. "माझं चुकलं, ताई. बाई तितं ऱ्हायल्या. ऱ्हाऊन नाय चालत." एवढंच. दोघांनी पोहे सांगितले होते, हे त्यांनी उच्चारलंसुद्धा नाही. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली.

तेवढ्यात रेश्मा बोलायला लागली. रेश्मा बोलायला लागली की तिचं होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, हा केंद्राचा नियम आहे. आम्ही थांबलो. "मी... ओ... दिली. मी... पोहे... खायला... नको... होते." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

वर्गात चोरी एकाने करावी आणि रडावं दुसऱ्यानेच, हे मी बावीस वर्षं खपवून घेतलं नव्हतं. आता तर चोर मीच होते.

"रेश्माने खाल्ले होते," मी म्हटलं. "मी नाही खाल्ले. काल नाही, परवा नाही. दोन वर्षांत एक दिवसही नाही. मी सकाळी काही खात नाही. मी खोटं सांगत होते. खरं सांगितलं असतं तर मामांनी काल 'काही नाही?' अशी हाक मारली असती आणि कुणी ओ दिली नसती. टेंपो हललाच नसता."

मग का खात नाही, तेही सांगावं लागलं. संडासाचं, दोन माणसांचं, मंदाच्या कमरेचं. बाकीची दहा माणसं, मामा, मंदा आणि सुलभाताईंसमोर. सुलभाताईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पदराने पुसत राहिल्या. "बाई, मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," मी म्हटलं.

"मला... पण... वाटते," रेश्मा म्हणाली. कोपऱ्यातून आणखी एकदोघांनी हळूच माना हलवल्या. अनंतकाका म्हणाले, "बरोबर." आणि त्या दिवशी तो शब्द त्यांना जसाच्या तसा म्हणायचा होता.

किल्ली परत मामांच्या हातात गेली. सुलभाताईंनी पंधरा दिवसांत उचलायला दुसरी बाई नेमली, संडासात दोन्ही बाजूंना दांड्या बसवून घेतल्या. टेंपो सुटताना आता सुलभाताई तक्त्यावर माणसं मोजतात आणि त्यानंतर मामा न्याहाऱ्यांना हाका मारतात. दोघांचं जुळलं तरच दार लागतं. मी सकाळी खायला लागले. पाणी प्यायला लागले. हे लिहिताना शेजारी तांब्या आहे.

सगळं नीट झालं, फक्त मामा माझ्याशी बोलेनात. किल्ली उचलून जाताना एवढंच म्हणाले होते, "दोन वरसं, बाई. दोन वरसं मी उपाशी माणूस पोहे म्हणून नेला." त्यानंतर रोज दारात यायचे, रॅम्प टाकायचे, खुर्ची ढकलायचे. काय खाल्लं, हे विचारायचे नाहीत. संध्याकाळच्या हाकांत माझी पाळी आली की नुसतं "बाई?" म्हणायचे. मला माझ्या नावाने, म्हणजे नुसत्या बाई या नावाने, इतकं परकं कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी ते रॅम्पच्या कडीशी वाकले होते. कडावात पहिली चढणारी मीच, त्यामुळे टेंपोत अजून कुणी नव्हतं. त्यांच्या रुसव्यावर काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. म्हणून त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "मामा, तुम्ही काय खाल्लं?"

मामा वाकलेलेच राहिले. दोन वर्षं मी त्या टेंपोत बसत होते, इतर काही जण त्याहून जास्त. इतक्या हाका रोज ऐकल्या, पण त्यात एक न्याहारी कधी नव्हती आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. साडेपाचला उठून टेंपो पुसणारा, घरात चूल पेटवायला दुसरं कुणी नसलेला हा माणूस.

"खाल्लं की," मामा म्हणाले.

"झालं का ते नाही विचारलं. काय खाल्लं?"

त्यांनी कडी दोनदा लावली, दोनदा काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोहे."

ते पोहे माझ्या चांगल्या ओळखीचे होते.

दुसऱ्या दिवशी वहिनीने मामांच्याच पिशवीतले पोहे केले. कांदा, मिरची, वर ओलं खोबरं. मामा आले तेव्हा माझ्या मांडीवर डबा होता आणि डब्यात दोन चमचे. मामांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उशीर व्हईल, बाई."

"हळू चालेल," मी म्हटलं.

ते पायरीवर बसले. पंच्याने हात पुसले. पहिला घास घेऊन बराच वेळ चावत राहिले आणि मग तोंड फिरवून रस्त्याकडे बघत म्हणाले, "ती बी असंच खोबरं घालायची." ती म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. आम्ही डबा संपवला. टेंपो त्या दिवशी सगळ्यांकडे दहा मिनिटं उशिरा पोचला आणि सगळ्यांनी मामांना बोल लावले.

संध्याकाळी केंद्रातून निघताना सुलभाताईंनी तक्त्यावर माणसं मोजली. मग मामा दाराशी आले, कडीवर हात ठेवला. "सुकटभाकरी?" आली. "चहाचपाती?" आ...ली. "इडली?" बरोबर. शेवटी माझ्याकडे वळले.

"बाईंचे पोहे?"

"आले," मी म्हटलं. आणि मामा दार ओढणार इतक्यात मी हाक मारली, "मामांचे पोहे?"

सगळे मामांकडे बघत होते. मामांचा हात कडीवर तसाच राहिला होता. त्यांनी पंच्याने उगीचच कपाळ पुसलं, मग डोळे पुसले.

"आले," मामा म्हणाले. "आता समदी आली."